टोचनवाल्याची हिकमत

‘जुगाड’ हा शब्द मला फारसा आवडत नाही. उत्तरेकडे शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून जी गाडी करतात, तिचं हे नाव. तिथं ते शोभतं. पण आता तो शब्द व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आणि सिनेमातून आपल्याकडे आला आणि हातानं काही बनवणाऱ्या प्रत्येक माणसाला चिकटला. कुणी काही धडपड करून उभं केलं की लोक कौतुकानं म्हणतात, “काय जुगाड केलाय!” त्या कौतुकात एक हेटाळणी लपलेली असते. म्हणजे वेळ मारून नेली, कसंतरी जमवलं, उद्या मोडलं तरी आश्चर्य नाही.

चौतीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे शब्द तोलून बघायची खोड लागली आहे. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे, हिकमत. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ शहाणपण. हिकमती माणूस म्हणजे डोकं आणि हात एकत्र चालवणारा माणूस. आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना जुगाडू म्हटलेलं मला चालणार नाही.

मी लिहितोय ते सैन्यातून कंडम होऊन निघालेल्या पिकअपवर स्वतः बूम आणि विंच चढवून टोचनची गाडी बनवणाऱ्या गॅरेजवाल्यांबद्दल. ‘टोचन’ हा शब्द शहरातल्या तरुण वाचकांना ठाऊक नसेल. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढून नेणं म्हणजे टोचन करणं. मला तर तो ‘टो-चेन’चाच मराठी अवतार वाटतो, आणि किती झकास अवतार आहे!

सैन्याच्या जुन्या मालाला आपल्याकडे ‘डिस्पोजल’ म्हणायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर पडली. युद्ध संपल्यावर जगभर गाड्या उरल्या. फिलिपाइन्समध्ये लोकांनी अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीप लांबवून, रंगवून त्यांची प्रवासी ‘जीपनी’ केली. आपल्याकडे पुढे जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर ‘जोंगा’ बनू लागली. (जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरं घेऊन तो शब्द झाला. मी बरीच वर्षं तो आफ्रिकेतल्या एखाद्या प्राण्याचा समजत असे!) 1969 ते 1999 अशी तीस वर्षं ती बनली. तिच्याच भावंडातला निस्सानचा एक टनी पिकअपही तिथलाच. या गाड्या सैन्यातून निवृत्त झाल्या की लिलावात निघतात आणि हळूहळू गॅरेजांच्या आवारात येऊन उभ्या राहतात.

गॅरेजवाल्याला त्यांचं आकर्षण का? चेसिस दणकट, पाटे जाड, चारही चाकांना ताकद, आणि चढावर मुंगीच्या पावलानं पण हत्तीच्या जोरानं जाता येईल असा खालचा गिअर. पुढे-मागे ओढायचे हूक आधीच लावलेले. पेट्रोल मात्र पाण्यासारखं पिणार. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं. म्हणून बरेच जण त्यात डिझेल इंजिन बसवून घेतात.

गाडी उचलून नेणारी गाडी ही कल्पनासुद्धा एका गॅरेजवाल्याचीच. अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचं गाव आहे. तिथं अर्नेस्ट होम्स नावाचा मेकॅनिक होता. 1916 साली एका ओळखीच्याची मोटार ओढ्यात गेली. ती वर काढायला अर्धा डझन माणसं, दोर आणि ठोकळे घेऊन जवळजवळ आठ तास झटली. होम्सनं त्यानंतर 1913 च्या एका जुन्या कॅडिलॅकवर खांब, कप्पी आणि साखळी चढवली. पहिल्या प्रयत्नात तोल सांभाळेना, तेव्हा बाजूला टेकणारे पाय जोडले. पुढे त्याचा कारखाना झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या डायमंड टी ट्रकवर होम्सचीच दोन बूमवाली यंत्रणा बसवली गेली. म्हणजे गॅरेजात जन्मलेली वस्तू सैन्यात गेली, आणि सैन्यातल्या गाड्या परत गॅरेजात आल्या. चॅटनूगात आज टोइंगच्या गाड्यांचं संग्रहालय आहे. आपल्याकडे असा माणूस निघाला तर त्याला आपण काय देतो? पावती!

माझा एक विद्यार्थी चिपळूणहून कराडला जाणाऱ्या कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी गॅरेज चालवतो. मराठीत जेमतेम पास होणारा मुलगा. त्यानं पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एका भंगारवाल्याकडून सैन्याचा पिकअप आणला आणि सहा-सात महिने खपून त्याची टोचनची गाडी केली. त्या दिवसांत मी संध्याकाळी फिरायला जाताना त्याच्याकडे टेकायचो. जमिनीवर खडूनं आकृत्या काढलेल्या असायच्या. फळ्यावरचा खडू आयुष्यभर मी हाताळला, पण खडूचा इतका गंभीर उपयोग क्वचितच पाहिला.

त्यानं मला समजावलं ते असं. शाळेत आपण तरफ शिकतो. एका टोकाला भार, एका टोकाला बल, मध्ये टेकू. टोचनच्या गाडीत मागचा आस हा टेकू. मागे लोंबणारी मोटार हा भार. गाडीचं पुढचं वजन हे बल. समजा पुढच्या आणि मागच्या आसात तीन मीटर अंतर आहे, आणि मागच्या आसाच्या दीड मीटर मागे हुकावर सहाशे किलो टांगले. सहाशे गुणिले दीड भागिले तीन. पुढच्या चाकांवरचं वजन तीनशे किलोनं कमी होतं, आणि मागच्या आसावर सहाशे नाही तर नऊशे किलो वाढतात. हूक आणखी एक मीटर मागे नेला तर पुढचे पाचशे किलो जातात. मग स्टिअरिंग हातात आहे असं वाटतं, पण चाकं रस्त्याला नीट धरतच नाहीत. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय ते सांगायला नको.

म्हणून त्यानं बूम आखूड ठेवली, पुढे जाड लोखंडाचा बंपर बसवला, मागे जास्तीचे पाटे घातले. बूम सरळ चेसिसला वेल्ड केली नाही. चॅनेलची वेगळी चौकट करून ती यू-बोल्टनं आवळली, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं चेसिसचं पोलाद कमजोर होतं आणि तडा नेमका तिथूनच जातो. दरीतून गाडी ओढताना तो तारेचा दोर खालच्या गाडीला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत वर आणतो. जोर दुप्पट होतो, वेग निम्मा. दोराच्या ड्रमवर काही वेढे कायम शिल्लक ठेवतो. ओढताना दोरावर ओलं पोतं टाकतो आणि माणसांना लांब उभं करतो, कारण तुटलेला तारेचा दोर चाबकासारखा येतो. पुढच्या चाकांवर चालणारी मोटार असेल तर पुढूनच उचलतो, म्हणजे तिचा गिअरबॉक्स रस्ताभर फिरून खराब होत नाही.

मी विचारलं, “सगळ्यात अवघड काय रे?” तो म्हणाला, “सर, वजन उचलणं सोपं हो. ते उचलून धरणं अवघड. विंचचा ब्रेक सुटला तर सगळं मातीत.”

आता सांगा, याला जुगाड म्हणायचं?

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे आणि ती हलकी नाही. प्रत्येक गॅरेजवाला असा हिशेबी नसतो. कुणी बोअरवेलच्या पायपाची बूम करतो, कुणी झिजलेला दोर वर्षानुवर्षं वापरतो. अशी गाडी उतारावर मोकाट सुटली तर टोचनवाल्यापेक्षा मागून येणारी एस.टी. जास्त भोगेल. कायद्यानं गाड्यांच्या फेरफारांवर लगाम ठेवला तो उगाच नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं. त्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतले तपशील बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठाम सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. रस्त्यावर रोज माणसं मरत असताना असा कायदा नको असं मी म्हणणार नाही.

पण हा कायदा हौसेखातर सायलेन्सर कापणाऱ्या पोराला आणि दरीतून माणूस वर काढणाऱ्या मेकॅनिकला एकाच काट्यात तोलतो. गाड्यांच्या सरकारी वर्गवारीत ‘ब्रेकडाऊन व्हॅन’ हा प्रकार आहे, पण कारखान्यातून किंवा मान्यताप्राप्त बांधणीकाराकडून आलेली गाडी तिथे सहज बसते. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीच्या कागदावर अजून ‘पिकअप’च आहे, बूम कागदावर नाही. एकदा तो ती नोंदवून घ्यायला गेला तेव्हा एका कार्यालयात त्याला सांगण्यात आलं, “असं काही होत नाही. चालतंय तसं चालू द्या.”

माझी खरी तक्रार या ‘चालू द्या’बद्दल आहे. पावसाळ्यात धुक्याच्या रात्री घाटात गाडी घसरली की पहिला फोन त्याला जातो, आणि तो करणारे बऱ्याचदा गणवेशातले असतात. महिन्याभरानं दिवसाढवळ्या तीच गाडी अडवून तिची पावती फाडली जाते. रात्री जी गाडी हवी, ती दिवसा गुन्हा! ही व्यवस्था कोणालाच सुरक्षित करत नाही. त्याच्या दोराची, ब्रेकची, वेल्डिंगची तपासणी कोणी करत नाही, कारण तपासायचं म्हणजे ती गाडी आहे हे मान्य करावं लागेल. हिशेबी मेकॅनिक आणि बेफिकीर मेकॅनिक दोघेही एकाच अंधारात राहतात. चिरीमिरी मात्र दोघांकडून जाते.

गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, “सर, आता पुरे झालं. मुलगा म्हणतो हे विका भंगारात. उद्या काही झालं तर विमावाला हात वर करील आणि जेलात मी जाईन.” त्याच्या मुलाचं चुकतंय असं मला म्हणता येईना. पण ती गाडी भंगारात गेली तर चिपळुणातून किंवा कराडहून मोठी क्रेन येईपर्यंत दरीत अडकलेल्या माणसानं काय करायचं?

उपाय काही आकाशातून आणायचा नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या घरगुती बनावटीच्या गाडीचीही तपासणी होते. 2009 पासून तिथं ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ नावाची पद्धत आहे. गाडी घेऊन जा, फी भरा, तज्ज्ञ ब्रेकपासून दिव्यापर्यंत सगळं पाहतो, उत्तीर्ण झाली तर नोंदणी. शिवाय टोइंगच्या गाड्यांसाठी रस्ते कराचा वेगळा वर्गही आहे. आपल्या कलम 52 मध्येही विशिष्ट कामासाठी फेरफाराला सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारनं स्वतःकडे ठेवलेला आहे. म्हणजे दार आहे, कुलूप काढायचं बाकी आहे.

मला विचाराल तर तीन गोष्टी पुरे. एक, घाटांच्या तालुक्यांत काम करणाऱ्या अशा गाड्यांची वर्षातून एकदा सरकारी तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात भारचाचणी व्हावी. तिथल्या मुलांनाही तरफ म्हणजे काय ते पुस्तकाबाहेर बघायला मिळेल. दोन, किती किलो उचलायची परवानगी आहे ते बूमवर ठळक रंगवावं. त्यापेक्षा जास्त उचललं तर खुशाल परवाना काढून घ्यावा. तीन, उत्तीर्ण गाडीच्या नोंदणीत ‘ब्रेकडाऊन व्हॅन’ असं लिहिलं जावं, म्हणजे विमा मिळेल आणि चिरीमिरीचं कारणच उरणार नाही. जी गाडी नापास होईल ती खरंच भंगारात जाऊ द्या, मला तिचं दुःख नाही.

कोणी म्हणेल, आता महामार्गावर कंपन्यांच्या नव्याकोऱ्या क्रेन असतात, मग ही जुनी धुडं कशाला? टोल असलेल्या चौपदरी रस्त्यावर ते ठीक आहे. पण आपले बहुतेक घाट दुपदरी आहेत आणि तिथं नवी क्रेन ठेवण्यात कोणाला नफा दिसत नाही. तिथं राहणारा, वळण न् वळण पाठ असलेला माणूसच रात्री दोन वाजता उठून येतो. सैन्यानं वीस वर्षं वापरून टाकलेल्या लोखंडात अजून पंचवीस वर्षांचं काम शिल्लक आहे हे त्यानं ओळखलं. त्या माणसात किती काम शिल्लक आहे, हे ओळखायला आपल्याला एक अर्ज, एक तपासणी आणि एक शिक्का एवढंच लागतं.

असो. शब्दांचं म्हणाल तर, ज्या दिवशी त्या गाडीच्या कागदावर बूम लिहिली जाईल, त्या दिवशी लोक तिला जुगाड म्हणायचं आपोआप सोडतील. तोवर निदान आपण तरी योग्य शब्द वापरू या.