'मेरिट' म्हणजे जन्मगुण नव्हे, कमाई

"आमचं मेरिट असून यांना सीट." हे वाक्य ज्याला ऐकावं लागलं नाही, असा आपल्यातला विद्यार्थी शोधून सापडणार नाही. मग ज्या शब्दाने आपल्याला रोज मारलं जातं, त्या शब्दाचीच एकदा जात तपासू.

इंग्रजी 'मेरिट' आला लॅटिन 'मेरितुम'वरून. त्याचं क्रियापद 'मेरेरे', म्हणजे कमावणे, मोबदल्याला पात्र होणे. रोमन सैनिक पगारावर चाकरी करी, त्यालाही हेच क्रियापद. चाकरी पुरी करून सुटलेला सैनिक 'एमेरितुस'. निवृत्त प्राध्यापक नावापुढे मिरवतात तो 'इमेरिटस' हाच! म्हणजे हा शब्द घामाचा आहे. भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जाऊन त्याचं नातं ग्रीक 'मेरोस'शी जोडतात. मेरोस म्हणजे वाटा.

मराठीत मात्र आपण त्याला 'गुणवत्ता' म्हणतो आणि इथेच घात होतो. गुण म्हणजे परीक्षेतले मार्क आणि गुण म्हणजे चातुर्वर्ण्याच्या समर्थकांचे 'गुणकर्म'ही. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंहारा'त आर्यसमाजींना हेच विचारलं होतं: माणसाची किंमत गुणावर ठरणार असेल, तर ब्राह्मण, क्षत्रिय ही जुनी लेबलं कशाला हवीत? कमाईचा शब्द आपल्याकडे येऊन असा जन्मजात झाला.

'मेरिटॉक्रसी' हा शब्द गाजवणाऱ्या मायकेल यंग यांचं १९५८चं पुस्तक तर उपहास होता. लोकांनी तो आदर्श म्हणून उचलला. यंग यांनी २००१ साली जाहीर लेख लिहून त्यावर नाराजी व्यक्त केली.

शब्दाच्या मुळावरून आरक्षण ठरत नाही, हे मान्य. ते संविधानाने ठरवलंय. कलम १६(४) पुरेशा प्रतिनिधित्वाबद्दल बोलतं, म्हणजे वाट्याबद्दलच. नीट-पीजीतल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०२२मध्ये सांगितलं, की स्पर्धा परीक्षेतले मार्क म्हणजेच मेरिट नव्हे. त्या मार्कांमागे घरचा पैसा, शिक्षण, ओळखीपाळखी उभ्या असतात.

तरी वाद घालायचाच असेल तर मेरिटवाल्यांना २०२३ची आठवण द्या. नीट-पीजीच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पात्रतेची अट सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. लाखोंची फी भरणाऱ्यांना खासगी कॉलेजांची दारं उघडली. तेव्हा 'मेरिट बचाव'चा मोर्चा कुठल्या चौकातून निघाला होता?