गेम कंपनीत जायचंय? आधी टेस्टरच्या खुर्चीत बसा

ठाण्यातल्या कोलशेत रोडवरच्या नव्या संकुलांतले पालक हल्ली मला गाठून एकच गोष्ट विचारतात. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज तीन-चार तास बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतो आणि आता म्हणतो, गेम कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. कुठल्याशा क्लासने सहा महिन्यांच्या कोर्सची लाखाच्या वर फी सांगितलेली असते. “ताई, भरू का पैसे?”

भरू नका, असंच मी सांगते. मुलाची इच्छा मात्र मला अजिबात वेडगळ वाटत नाही. गेली कित्येक वर्षं मी प्रॉडक्ट मॅनेजरचंच काम करते आहे. मराठी घरांतली मुलं या कामात फार कमी दिसतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. म्हणूनच या कामात येण्याचा रस्ता कुठून जातो, ते नीट सांगायला हवं.

गेम बनवणारे लोक म्हटले की डोळ्यांसमोर कोड लिहिणारे आणि चित्रं काढणारे येतात. पण मोबाइलवरचे बहुतेक गेम फुकट मिळतात आणि फुकटचा गेम बाजारात आल्यावरच त्याचं खरं काम सुरू होतं. आज शंभर जणांनी डाउनलोड केला तर उद्या किती परत आले? सातव्या दिवशी किती? तिसाव्या दिवशी किती? पहिल्या दिवशी चाळीस, सातव्या दिवशी वीस आणि महिन्याने दहा जण परत आले तर गेम बरा चालला, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. खिशातून पैसे काढणारे शंभरात दोन-चारच निघतात. त्या पैशांतूनही गुगल आणि अ‍ॅपलचं स्टोअर आपला वाटा कापून घेतं. ३० टक्के हा रूढ दर, छोट्या कंपन्यांना १५. उरलेल्यांकडून मिळतं ते जाहिरातींचं उत्पन्न. एवढ्यात पगार, सर्व्हर आणि नवे खेळाडू आणण्याचा खर्च बसवायचा. पुढच्या महिन्यात गेममध्ये काय घालायचं, काय काढायचं आणि का, हे ठरवून त्याचा जबाब देणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. काम कधी आणि कोणाकडून पुरं होईल, हे प्रोड्युसर बघतो. ‘काय’ आणि ‘का’ आमच्या गळ्यात.

हे काम कसं चालतं, ते एका उदाहरणातून दाखवते. सात-आठ वर्षांपूर्वी आमचा दोघांत खेळायचा कॅरमचा गेम होता. डाव जेमतेम तीन मिनिटांचा. सकाळी आठ ते दहा या वेळात बरेच डाव अर्धवट तुटत होते आणि डाव तुटलेले खेळाडू दोन-तीन दिवसांत गेम काढून टाकत होते. मीटिंगमध्ये तर्क निघाले ते असे: सकाळी लोक घाईत असतात, गेम कंटाळवाणा झालाय, नवे स्ट्रायकर आणा. त्या दिवसांत मी डोंबिवलीला मावशीकडे राहून ऑफिसला जात होते. महिलांच्या डब्यात माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी आमचाच गेम खेळत होती. राणी घेतली, आता कव्हर घ्यायचं, तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. तेव्हा फास्ट लोकल त्याच बोगद्यातून जायच्या. सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा, फोनला रेंज नाही. कळव्याच्या बाजूला बाहेर येईपर्यंत गेमने तिला हरवून टाकलं होतं आणि लावलेली नाणीही कापून घेतली होती. तिने फोन पर्समध्ये टाकला तो ठाण्यापर्यंत काढलाच नाही.

ऑफिसात जाऊन तुटलेल्या डावांची वेळ आणि ठिकाण लावून पाहिलं. रेंज जाणाऱ्या जागांवर डाव तुटत होते, लोक कंटाळलेले नव्हते. मग खरा वाद पेटला. रेंज गेलेल्याला परत यायला वेळ द्यावा, असं माझं म्हणणं. सर्व्हरवाले म्हणाले, तेवढा वेळ डाव उघडा ठेवायचा तर खर्च वाढेल. डिझायनर म्हणाला, समोरचा खेळाडू ताटकळेल त्याचं काय? टेस्टिंगमधल्या मुलाने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा काढला: हरायला लागलं की लोक मुद्दाम डेटा बंद करतील. शेवटी ठरलं ते असं: एका डावात एकदाच अर्ध्या मिनिटाची सवलत, समोरच्याला पडद्यावर स्पष्ट सूचना आणि वारंवार डाव सोडणाऱ्याची सवलत बंद. आधी निम्म्याच खेळाडूंना ते दिलं आणि दोन्ही गट ताडून पाहिले. सवलत मिळालेल्या गटात सातव्या दिवशी परतणारे वाढले, तेव्हा सगळ्यांना दिलं.

यात मला कोड लिहायला लागलं नाही, मोठं भाषण ठोकायला लागलं नाही. लागला तो समोरच्या माणसाचा डाव निरखून बघण्याचा धीर, आकडे स्वतः काढण्याचं ज्ञान आणि तिघांचे तीन आक्षेप खरे मानून त्यातून एक निर्णय काढण्याची तयारी. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये यातलं एकच शिकवता येतं, ते म्हणजे आकडे काढणं. त्यासाठी लाख रुपये कशाला? एसक्यूएल आणि एक्सेल शिकायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

बाकीचं कामावरच शिकावं लागतं. माझे वडील कोलशेत रोडवरच्याच एका रंग-रसायनांच्या कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला होते. सँडोझ, पुढे क्लॅरियंट, पलीकडे बायर अशा नावांनी तेव्हा कोलशेत रोड ओळखला जायचा. आता त्या जमिनींवर टॉवर उभे आहेत, सँडोझ बाग एवढं नाव मागे राहिलंय. ज्याने रिअ‍ॅक्टरशेजारी उभं राहून पाळ्या काढल्या नाहीत, त्याच्या हाती प्लँट द्यायचा नाही, असा त्या पिढीचा दंडक होता. गेमच्या धंद्यालाही मला तोच दंडक योग्य वाटतो. मी बी.कॉम. करून मुंबईतल्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागले, तेव्हा जावाचे गेम असायचे. एकच गेम नोकिया, सॅमसंग, सोनी एरिक्सनच्या ड्रॉवरभर हँडसेटवर पुन्हा पुन्हा खेळून चुका लिहून काढायच्या. पगार बेताचा होता, घरी कोणाला सांगावं असं पदही नव्हतं. पण खेळणारा कुठे अडतो, कुठे चिडतो आणि कुठे कंटाळतो, हे मी तिथेच शिकले. आजही टेस्टिंग, प्लेअर सपोर्ट आणि डेटा अ‍ॅनालिस्ट या तीन दारांनी आलेली माणसं मला थेट एमबीए करून आलेल्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटतात. एमबीए वाईट नाही, ते नंतर करता येतं.

जायचं कुठे? ठाणेकरांना यासाठी घर सोडावं लागतंच असं नाही. लुडो किंग बनवणारी गेमशन ही कंपनी आपल्या नवी मुंबईतली. तो गेम २०१६ मध्ये आला आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोहोचला. त्याचं यश नीट अभ्यासण्यासारखं आहे. स्वस्तातल्या फोनवर चालतो, इंटरनेट नसलं तरी खेळता येतो, एकाच फोनवर घरातली चौघं डाव मांडू शकतात. आपल्या घरांत फोन कसा वापरला जातो, हे ओळखून घेतलेले हे निर्णय आहेत. मुंबईत नझारा आहे, गेम्सटूविन आहे. पुण्यात सुपरगेमिंग आहे, ज्यांचा इंडस हा गेम २०२४ मध्ये आला. युबीसॉफ्टचे पुणे आणि मुंबईत स्टुडिओ आहेत, पण तसल्या मोठ्या परदेशी स्टुडिओंत प्रॉडक्ट मॅनेजरपेक्षा प्रोड्युसर आणि डिझायनर यांना जास्त जागा असतात, हे अर्ज करण्याआधी समजून घ्या.

आपल्याकडच्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षं बाहेरच्यांची चित्रं काढली, बाहेरच्यांचे गेम तपासले. ‘काय करायचं’ हे परदेशात ठरायचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमच्या नव्या आवृत्तीचं काम २०२०मध्ये युबीसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता. २०२२मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. अशा वेळी इथली कुशल माणसं काही करू शकत नाहीत, कारण शेवटचा शब्द त्यांचा नसतो. आपले गेम आपण ठरवायचे असतील तर ते ठरवणारी माणसं इथे तयार व्हायला हवीत. मला हे करिअर महत्त्वाचं वाटतं ते यासाठी.

या करिअरची काळी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. त्याआधीच्या काही वर्षांत प्रॉडक्ट मॅनेजरना सर्वांत चढे पगार असे गेम चालवणाऱ्या कंपन्याच देत होत्या. माझ्या ओळखीतल्या काहींच्या नोकऱ्या काही आठवड्यांत गेल्या, ज्यांच्या डोक्यावर घोडबंदर रोडच्या फ्लॅटचे हप्ते आहेत. त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं. पण तो धंदा बंद झाला, हे बरं झालं. हरलेल्याला पुन्हा पैसे भरायला कसं लावायचं, यावर दिवसाचे दहा तास डोकं चालवणं ही तरुण मुलांच्या बुद्धीची नासाडी होती.

कायद्याने सगळं सुटलं, असंही समजू नका. साध्या फुकट गेममध्येही रात्री एक वाजता “तुमची लाइफ भरली, या” अशी सूचना पाठवली की आकडा वाढतो. लहान मुलांना बक्षिसांचं चक्र फिरवायला लावलं की आणखी वाढतो. तो आकडा वाढवणार की नाही, हे प्रॉडक्ट मॅनेजरच्या टेबलावर ठरतं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या पन्नास गोष्टींना नाही म्हणावं लागतं आणि तेही तिमाहीचं टार्गेट अपुरं असताना. ज्याला हे ‘नाही’ जमणार नाही, त्याने या कामात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशी माणसं घडायची तर सरकारनेही हातभार लावायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. त्यातला काही पैसा पार्क आणि इमारतींच्या आधी सशुल्क इंटर्नशिपला द्यावा. उल्हासनगर, शहापूर, मुरबाडच्या बी.कॉम.-बी.एससी. मुलांना सहा महिने विद्यावेतन देऊन स्टुडिओत टेस्टर म्हणून बसवा. फुकट राबायची ऐपत फक्त पैसेवाल्यांच्या मुलांत असते आणि मग गेमही त्यांच्याच घरांना साजेसे बनतात.

तोवर मुलांनी एवढं करावं. रोज खेळता तो एक गेम घ्या. घरातल्या आजीच्या, सोसायटीच्या वॉचमनच्या, एखाद्या रिक्षावाल्याच्या हातात द्या आणि तोंडातून शब्द न काढता बघत बसा. ते कुठे अडले, का अडले, तुम्ही काय बदलाल आणि त्याने कोणाचं नुकसान होईल, हे दोन पानांत मराठीत लिहा. मुलाखतीत मी डिग्रीच्या आधी असली दोन पानं वाचते. फीचे पैसे बँकेत राहू द्या आणि ती दोन पानं या रविवारी लिहा.