न मागता मिळालेला वारसा

या सदरातून आजवर आपण मृत्युपत्र, नामनिर्देशन, वाटणीपत्र, एकत्र कुटुंबाचे खाते अशा विषयांचा विचार केला. वारसा म्हटला की व्यापारी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर दुकान, गाळा, दागिने आणि पेढीचे नाव एवढेच उभे राहते. परंतु आणखी एक वारसा असा आहे की, ज्याची नोंद कोणत्याही दस्तात नसते, जो नाकारण्याची सोय नसते आणि जो आपल्याकडे आहे हे पुष्कळदा दोन-तीन पिढ्या कोणालाच ठाऊक नसते. तो म्हणजे रक्तातून उतरणारा वारसा. लग्नसराई जवळ आली आहे, घरोघरी परिचयपत्रे फिरत आहेत, म्हणून या वेळी त्याविषयी लिहितो आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेला माणूस. पण हा विषयही बराचसा आकडेमोडीचाच आहे.

आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. बँकेतील 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खाते वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यात दोघांपैकी एकाची सही असली तरी व्यवहार अडत नाही. अनेक जनुकांचेही तसेच असते. एका प्रतीत दोष असला आणि दुसरी धड असली, तर शरीराचा व्यवहार सुरळीत चालतो. अशा व्यक्तीला 'वाहक' म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. तो दुकान सांभाळतो, डोंगर चढतो, नव्वदी गाठतो. अडचण येते ती एकाच दोषाचे दोन वाहक पती-पत्नी झाले तर. त्यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारातील एक शक्यता दोन्ही दोषयुक्त प्रती मिळण्याची, म्हणजे आजाराची असते. दोन शक्यता वाहक होण्याच्या आणि एक पूर्णतः मोकळे असण्याची. 'चारातील एक' याचा अर्थ पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा मात्र नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मी शाखाधिकारी असताना एका किराणा व्यापाऱ्याच्या मुदत ठेवी एकामागून एक मुदतीआधी मोडल्या जात होत्या. नातवाला थॅलेसेमिया मेजर होता. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचे, त्यातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी रोज औषध द्यायचे. पैशाचे दुःख त्या गृहस्थाने कधी बोलून दाखवले नाही. पण घरात सुनेकडे पाहण्याची नजर बदलली होती, आणि ती बदललेली नजर मला काउंटरपलीकडूनही दिसत असे. वास्तविक वरचे गणित पाहता दोष निम्मा त्यांच्या मुलाकडून आलेला होता, आणि मुलाकडे तो आईवडिलांपैकी कोणाकडून तरी. परंतु आपल्याकडे असा हिशेब मांडताना जमेची बाजू सासरची आणि नावेची बाजू माहेरची, अशीच पद्धत आहे.

"आम्ही गोत्र पाहतो, जवळच्या नात्यात देत-घेत नाही, मग आम्हाला काय भीती?" असे पुष्कळ जण म्हणतात. गोत्र फक्त पित्याची परंपरा मोजते. आजी, पणजी, तिची आई यांच्याकडून आलेले कोणत्याही गोत्रात दिसत नाही. एखाद्या लहान मूळ समूहातून वाढलेला समाज शतकानुशतके आपसातच विवाह करत राहिला, की त्या मूळ समूहातील एखाद-दुसऱ्या व्यक्तीचा दोष आज हजारो घरांत विखुरलेला असतो, आणि ती घरे एकमेकांना नातेवाईक म्हणून ओळखतही नसतात. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ समूहांत मूळ पूर्वजांच्या अल्पसंख्येचा हा ठसा युरोपातील अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक यांच्यापेक्षाही ठळक आढळला. या ८१ पैकी १४ समूहांची लोकसंख्या तर दहा लाखांहून अधिक आहे. समाज मोठा आहे म्हणून रक्त वेगळे, हा समज यामुळे टिकत नाही.

उदाहरणे दूरची नाहीत. आंध्र आणि तेलंगणातील वैश्य हा आपल्यासारखाच व्यापारी समाज. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात वेळेवर विघटित होत नाही, कारण ते विघटित करणारे विकर त्यांच्यात अत्यल्प असते. रुग्णाचा स्वतःचा श्वास परत येण्यास मग फार वेळ लागतो. म्हणून जाणकार भूलतज्ज्ञ रुग्ण वैश्य आहे का, हे आधी विचारून घेतात. अग्रवाल समाजातील काही बालकांत डोके मोठे असणे, पुढे चालण्यात अडथळा आणि झटके येणे असा मेंदूचा एक दुर्मीळ विकार आढळतो. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे बहुतेक रुग्णांत एकच जनुकदोष असल्याचे सिद्ध झाले. जातीची विचारपूस येथे भेदभावासाठी नसून प्राणरक्षणासाठी आहे, हे लक्षात घ्यावे.

आता ज्या अश्केनाझी ज्यूंचा वर उल्लेख आला, त्यांची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो. कारण विवाह जुळवण्याची त्यांच्यातील सनातनी कुटुंबांची रीत आपल्याशी फार मिळतीजुळती आहे. तेथेही मध्यस्थ स्थळ आणतो, वडीलधारी मंडळी घराण्याची चौकशी करतात आणि एखाद्या घरात आजार आहे अशी कुजबुज झाली, की धाकट्या बहिणींची लग्नेही अडतात.

या समाजात टे-सॅक्स नावाचा विकार होता. मूल जन्मतः गोंडस आणि निरोगी दिसते. काही महिन्यांनी ते लहानशा आवाजानेही दचकू लागते, मान धरेनासे होते, दृष्टी जाते, आणि साधारणतः चार-पाच वर्षांच्या आत आईवडिलांच्या डोळ्यांदेखत ते विझते. उपाय तेव्हा नव्हता, आजही खात्रीचा नाही. वाहकांचे प्रमाण सुमारे तिसात एक. म्हणजे सरासरी नऊशे जोडप्यांत एका ठिकाणी दोघेही वाहक, आणि जन्मणाऱ्या सुमारे ३,६०० बालकांत एक रोगी. आकडा लहान वाटतो. ज्याच्या घरी तो एक येतो त्याला विचारावे.

शिंतारो ओकाडा आणि जॉन ओब्रायन यांनी १९६९ साली या रोगात कोणते विकर नसते ते शोधून काढले. त्यामुळे रक्ताच्या साध्या तपासणीने वाहक ओळखणे शक्य झाले. १९७१ मध्ये डॉ. मायकेल काबॅक यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात, ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांतूनच ही तपासणी सुरू केली. पुढील काही दशकांत अमेरिका आणि कॅनडातील ज्यू कुटुंबांत या रोगाने जन्मणारी मुले नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. मात्र ही पद्धत मुख्यतः विवाहित जोडप्यांसाठी होती. दोघेही वाहक निघाले तर गर्भाची तपासणी आणि दोष आढळल्यास गर्भपात, हा तिचा पुढचा टप्पा. सनातनी कुटुंबांना तो धर्मदृष्ट्या मान्य नव्हता. त्यामुळे ज्यांना तपासणीची गरज सर्वाधिक, तेच तिच्यापासून दूर राहिले.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील रब्बी योसेफ एकस्टाइन यांनी टे-सॅक्समुळे आपली चार मुले गमावली. त्यांनी १९८३ साली 'दोर येशोरिम' ही संस्था काढली. नावाचा अर्थ, सचोटीच्या माणसांची पिढी. त्यांची योजना एखाद्या मुरब्बी सराफाला शोभावी अशी आहे. विवाहयोग्य वयाआधीच मुलामुलींचे रक्त तपासले जाते. निकाल कोणालाच कळवला जात नाही. प्रत्येकाला केवळ एक क्रमांक मिळतो. स्थळ आले की भेटीगाठी फार पुढे जाण्याआधी दोन्ही क्रमांक संस्थेला कळवायचे. उत्तर एवढेच येते की, जोडी अनुरूप आहे वा नाही. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तेव्हाच खुलासा आणि समुपदेशन होते. एरवी कोण वाहक, हे ना मध्यस्थाला कळते, ना शेजाऱ्याला, ना त्या मुलीला स्वतःला. कुजबुजीला जागाच उरत नाही.

या गुप्ततेवर वैद्यकातील जाणकारांनी टीका केली आहे, आणि ती मला बरीचशी पटते. प्रौढ माणसाच्या रक्तातील माहिती त्याच्यापासूनच दडवणे हा त्याच्या समजुतीवर अविश्वास आहे. ग्राहकाला त्याचे स्वतःचे पासबुक न दाखवणारी बँक कोणाला आवडेल? सायप्रस बेटावर याच्या उलट वाट निवडली गेली. तेथे साधारण सातात एक व्यक्ती थॅलेसेमियाची वाहक. १९८० च्या दशकात तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. त्या प्रमाणपत्रावर निकाल नसतो, दोघांनी तपासणी करून सल्ला घेतला आहे एवढेच लिहिलेले असते. निकाल मात्र दोघांना उघड सांगितला जातो. रोगग्रस्त मुलांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले. पण दोघे वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी फारच थोड्यांनी विवाह मोडला. बहुतेकांनी पुढे गर्भतपासणीचा मार्ग धरला. कारण उघड आहे. प्रमाणपत्राची वेळ येते तोवर मने जुळलेली असतात, तारीख ठरलेली असते.

यातून आपल्यासाठी माझे मत असे बनले आहे. निकाल सायप्रसप्रमाणे ज्याचा त्याला कळावा, पण तपासणी ब्रुकलिनप्रमाणे स्थळे पाहण्याआधी व्हावी. साखरपुडा झाल्यावर आलेला अहवाल दोन घरांत वैर पेरतो. गर्भ राहिल्यावर आलेला अहवाल त्याहून कठोर प्रश्न उभा करतो, आणि जीवदया ज्यांच्या रोजच्या आचरणात आहे अशा घरांनी तर तो प्रश्न आपल्या सुनेवर येऊच न देण्याची तजवीज आधी केली पाहिजे. परिचय मेळाव्याच्या अर्जात पत्रिकेसाठी रकाना असतो. 'थॅलेसेमिया तपासणी केली आहे : होय / नाही' एवढा एक रकाना वाढवण्यास कोणत्याही मंडळाला अडचण नसावी. निकाल लिहू नये. तो दोन्ही घरांनी पहिल्या भेटीनंतर परस्परांना सांगावा. एक बाजू वाहक नसेल तर या दोषापुरता विषय तेथेच संपतो. वाहक मुलगी वा मुलगा वाहक नसलेल्या जोडीदाराशी निर्धास्त विवाह करू शकतो, ही गोष्ट मध्यस्थांनी पाठ करून ठेवण्यासारखी आहे.

थॅलेसेमियाचेच नाव का घेतो? भारतात वाहकांचे प्रमाण सरासरी तीन ते चार टक्के मानले जाते आणि दरवर्षी सुमारे १०,००० बालके त्याच्या गंभीर स्वरूपासह जन्मतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, गुजराती अशा काही समाजांत प्रमाण सरासरीहून अधिक आहे. टे-सॅक्सही केवळ ज्यूंचा राहिलेला नाही; अहमदाबादच्या संशोधकांनी २०१२ साली, एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक गुजराती कुटुंबांत त्याचा एकच जनुकदोष असल्याचे दाखवले. मात्र त्याची तपासणी सर्वांनी करावी असे माझे म्हणणे नाही. घरात असे मूल झाले असेल तर आनुवंशिकी तज्ज्ञाला जरूर भेटावे.

आता तपासणीविषयी थोडे. प्रथम नेहमीची रक्तगणना होते. वाहकांत तांबड्या पेशींचा आकार बहुधा लहान आढळतो. त्यानंतर 'एचपीएलसी' पद्धतीने हिमोग्लोबिन ए-टू मोजतात. ते साडेतीन टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती बहुधा वाहक असते. शरीरात लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटा कमी दिसू शकतो, आणि आपल्याकडील पुष्कळ मुलींत ती कमतरता असते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढून तपासणी पुन्हा करावी लागते. नुकतेच रक्त चढवले असेल तर अहवालावर विसंबू नये. एरवी ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. घरातील एक व्यक्ती वाहक निघाली तर सख्खी भावंडे, आणि पुढे चुलत, मामे, आते, मावस भावंडे यांनाही कळवावे. म्हणून अहवालाची प्रत घराच्या खरेदीखताबरोबर आणि विमापत्रांबरोबर, एकाच कपाटात ठेवावी.