बिऱ्हाड कुणी हलवायचं?

मोठं संगीत नाटक पाहायला सगळ्या घरानं मुंबईला जायचं, असा बेत कडगंचीत किंवा आळंदमध्ये शिजू लागला की पहिली चौकशी होते ती तिकिटाच्या दराची. माझ्या मते ती दुसरी चौकशी. पहिली ही, की हे नाटक आपल्या बाजूला येऊ शकतं का? निदान सोलापूरपर्यंत येण्यासारखं असेल तर त्यासाठी गुलबर्गा स्टेशनवरून पावणेसहाशे किलोमीटर जाऊन दादरला उतरण्यात शहाणपण नाही. ज्या प्रयोगाला जागचं हलताच येत नाही, त्याच्यासाठीच घरानं हलावं. एरवी वाट पाहावी.

हे नुसतं काटकसरीचं बोलणं नव्हे. मराठी संगीत रंगभूमी वाढली तीच मुळी फिरून. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. म्हणजे पहिला प्रवास आपल्याच बाजूच्या लोकांनी केला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पुढं नाटक कंपन्या म्हणजे चालती-फिरती बिऱ्हाडंच झाली: गुंडाळलेले पडदे, दागिन्यांच्या आणि कपड्यांच्या पेट्या, ऑर्गन, साथीदार, आचारी, सगळं रेल्वेनं गावोगाव जायचं आणि मुक्काम पडायचा. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. असे कलावंत हुबळी-धारवाडच्या रसिकांना आपल्या गावात बसून ऐकायला मिळाले, कारण वाटखर्च कंपनी सोसत होती. सोसता सोसता कंपन्या कर्जात बुडाल्या, हेही खरं. पण प्रेक्षकाला फार तर बैलगाडी जुंपावी लागे. आज तो खर्च उलटून कुटुंबाच्या माथी आला आहे. म्हणून तो कुठल्या नाटकासाठी करायचा, हे आपण ठरवायला हवं.

आता न हलणारं काय, ते पाहू. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ३१ मार्च २०२३ रोजी नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात २,००० प्रेक्षक बसतात. फिरोज अब्बास खान यांचा भारताच्या इतिहासावरचा भव्य संगीतप्रयोग तिथं झाला. मग मे २०२३ मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि मार्च २०२५ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ आलं. ज्या नाटकात भलंमोठं झुंबर कोसळतं आणि तळघरातल्या तळ्यातून नाव चालते, ते सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात येणं कठीण. मंचाची खोली, वरची यंत्रणा, विंगेतली जागा, काहीच पुरायचं नाही. अशा प्रयोगासाठी मुंबईला जरूर जावं. याउलट प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ घ्या. मंचावर बायका दोनच, आवली आणि रखुमाई. २०१७ पासून त्या दोघींच्या गाण्यावर तुडुंब प्रयोग झाले. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ पासून आजवर लोकांच्या मनात आहे ती गळ्याच्या जोरावर. गळ्याला मालवाहू ट्रक लागत नाही. असं नाटक टेम्पोतून येतं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी उभं राहतं.

यावर कुणी म्हणेल, सोलापूरला येतं हे ठीक, पण येतं कधी? तारखा लागतात, रद्द होतात, आणि येतं ते बहुतेक विनोदी नाटक. आक्षेप रास्त आहे. पण त्यावरचा इलाज आपल्याही हाती आहे. ठरावीक रक्कम मोजून प्रयोग विकत घेण्याची, कॉन्ट्रॅक्ट शो लावण्याची पद्धत मराठी नाट्यव्यवसायात जुनीच आहे. आळंद, उमरगा, भालकी, बसवकल्याण अशा गावांतल्या काही घरांनी आधी पैसे जमवून व्यवस्थापकाशी बोलणी केली, तर एका कुटुंबाच्या मुंबईवारीला जे पैसे उडतात त्यातला थोडाच वाटा प्रत्येकाला पडेल. आणि मोठा खेळ मराठीतच हवा, असं तरी का धरून बसायचं? आपल्याला कन्नड कळतं. बदामीजवळ बनशंकरीच्या जत्रेत पौष पौर्णिमेच्या सुमारास कन्नड नाटक कंपन्या आपापले तंबू ठोकतात आणि महिनाभर रात्री-रात्री खेळ चालतात. रंगवलेले पडदे, पेटी-तबला, गाणी, आणि बाहेर कर्ण्यावरून चाललेला पुकारा. मराठी रंगभूमीनं म्युझियममध्ये ठेवलेली कंपनी नाटकाची पद्धत तिथं अजून पोट भरते आहे. द्व्यर्थी विनोद फार असतो, म्हणून आजी आणि नातवंडांना एकत्र नेताना आधी चौकशी केलेली बरी, इतकंच.

दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी गाणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय कळणार? हा मला तितकासा जड वाटत नाही. ‘सौभद्र’ १८८२ मध्ये आलं तेव्हा सुभद्रेचं लग्न कुणाशी होतं हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढं काय होणार ही उत्सुकता नव्हतीच; कसं गाणार, कसं दाखवणार, ही होती. परक्या भाषेतल्या नाटकाला तीच बैठक घरी देता येते. जायच्या आधी आठवडाभर रात्री जेवताना कथा सांगावी, दोन-चार गाणी ऐकवावीत. गुपित फुटेल म्हणून मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्यावं.

राहिला पैसा. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यापुढं १८ टक्के. म्हणजे मोठ्या प्रयोगाचा दर वाचताना हा आकडा धरूनच वाचावा. रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद केली आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. एका आजोबा-आजीचं आणि दोन मुलांचं घर असेल तर हे चार बर्थ पुऱ्या दरानं धरावेत. नाटकाच्या तारखा पुष्कळ आधी जाहीर होतात, रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं. म्हणून प्रयोगाचं तिकीट आधी काढावं लागतं आणि गाडीची वाट पाहावी लागते. शनिवार-रविवारचा दुपारचा प्रयोग मिळाला तर तोच घ्यावा. सकाळी उतरून कुणा नातेवाइकाकडे अंघोळी उरकाव्यात, नाटक पाहावं आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून सोलापूर गाठावं. तिथून अक्कलकोट, वागदरी, आळंद करत घर. हॉटेलची एक रात्र वाचते, आणि त्या पैशात कोपऱ्यातल्या खांबामागच्या खुर्च्यांऐवजी मधल्या रांगेतल्या मिळतात.