धुळीचे वजन आणि धुळीचे गोत्र

शहरांतील हवेविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या एका गृहस्थांचे व्याख्यान छापील रूपाने नंदुरबारकडच्या आमच्या कळसाडी गावापर्यंत येऊन पोहोचले, आणि ते दोनदा वाचल्यावर त्याचा समाचार घेणे मला भाग पडले. त्यांचा पक्ष थोडक्यात असा: हवेतले सूक्ष्म कण म्हणजे अखेर धूळच, धुळीला जात नसते, तेव्हा तिचे वजन करावे, रस्ते झाडावेत, पाण्याचे टँकर फिरवावेत, तिच्या घटकांचे पृथक्करण हा प्राध्यापकांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि ज्याला एवढ्यानेही समाधान नसेल त्याने खेड्यात जावे, तेथे शुद्ध हवा फुकट मिळते.

धुळीला जात नसते! अहो, आमच्याकडचा निरक्षर शेतकरीसुद्धा खताची गोणी नुसती तोलून घेत नाही. 10:26:26 आहे की युरिया, हे तो आधी विचारतो, कारण तोलात सारख्या भरणाऱ्या दोन गोण्यांपैकी कोणती कपाशीला बोंडे धरवील आणि कोणती नुसताच पाला माजवील, हे त्याला ठाऊक असते. रस्त्यावरच्या मातीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह सापडते, हे खरे. पण अडीच मायक्रॉनांहून बारीक कणांत डिझेलची काजळी असते, लाकूडफाटा जळाल्याची साक्ष देणारे पोटॅशियम असते, आणि ज्यांनी रस्त्याचे तोंडही पाहिलेले नाही असे अमोनियमचे सल्फेट व नायट्रेट असते. कोळशाच्या धुराड्यातून निघालेला सल्फर डायऑक्साइड आणि वाहनांतून निघालेले नायट्रोजनचे ऑक्साइड हवेतच आम्लरूप पावतात, आणि शेतातल्या युरियातून व गोठ्यातल्या मूत्रातून उठलेला अमोनिया त्यांना भेटला की वायूचा कण होतो. आता अंतराळात जन्मलेल्या या प्रजेला महाशयांचा झाडू कोठे लागावा?

पुन्हा त्यांच्या लाडक्या वजनाचाच हिशेब पाहा. दहा मायक्रॉनांचा एक कण, घनता सारखी धरल्यास, अडीच मायक्रॉनांच्या चौसष्ट कणांइतका भरतो. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः या दहा मायक्रॉनांच्या मापानेच मोजली गेली. म्हणजे जाडा कण पाणी मारून बसविला की दप्तरी हवा सुधारते, आणि फुप्फुसाच्या तळाशी जाणारा बारीक कण बिनबोभाट आत शिरतो. पंचनाम्यात मुद्देमालाचे वजन नोंदवावे आणि चोराचे नाव विचारू नये, त्यातलाच हा प्रकार.

पृथक्करण ही प्राध्यापकांची नवी हौस म्हणावी, तर 2009 च्या सरकारी मानकांतच शिसे, आर्सेनिक, निकेल आणि बेंझोपायरीन यांच्या मर्यादा घातलेल्या आहेत.

माझे मागणे लहान आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आमच्या खानदेशातले जळगाव आहे. तेथे कार्बनासाठी क्वार्ट्झचा आणि धातूंसाठी टेफ्लॉनचा गाळणकागद लावून, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे वर्षभर नमुने घ्यावेत, वजनाच्या आकड्याशेजारी घटकांची फोड लोकांपुढे मांडावी, आणि निधी त्या फोडीबरहुकूम खर्चावा. याने हवा लगेच निवळेल असे मी म्हणत नाही.

उरली खेड्यातली फुकट हवा. नंदुरबारचे नाव त्या यादीत नाही, एवढ्यावरून आम्ही स्वर्गात राहतो असा दाखला कोणी काढू नये. महाशयांनी कळसाडीस जरूर यावे. मात्र दिवेलागणीला यावे, आणि ओसरीवर न बसता, आत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाकरी भाजत असते तेथे, चुलीपाशी बसावे.