नव्या हृदयाला हिंगोलीतही डॉक्टर हवा

केपटाऊनमध्ये 3 डिसेंबर 1967 रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण अठरा दिवस जगला. नवे हृदय चालू होते; त्याला नेले न्यूमोनियाने. पुढे प्रतिकारशक्ती दाबून परके हृदय टिकवणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि 1994 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. तरी मूळ पेच सुटलेला नाही. असे औषध कमी पडले तर शरीर परके हृदय नाकारते. जास्त झाले तर जंतुसंसर्ग गाठतो, मूत्रपिंडे खराब होतात. अमेरिकेतील नोंदींनुसार सुमारे एक चतुर्थांश रुग्ण घरी गेल्यावर महिन्याभरातच पुन्हा रुग्णालयात दाखल होतात. यात रुग्णाचा दोष नाही.

विमानतळापर्यंत हृदय पोचवायला ग्रीन कॉरिडॉर होतो, बातम्या होतात. पण हिंगोली जिल्ह्यात सेनगाव किंवा औंढ्याकडच्या गावी परतलेल्या रुग्णाला रात्री ताप भरला तर? गावातल्या डॉक्टरने एरिथ्रोमायसिन दिले, तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी वाढून मूत्रपिंडांवर घाला पडतो. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन त्याच टॅक्रोलिमसची पातळी उतरवते आणि शरीर हृदयावर उलटते. आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मीळ नाही. त्यात नव्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात, त्यामुळे झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही. नुसता थकवा, दम, पायांवर सूज. उन्हाचा त्रास म्हणून ते अंगावर काढले जाते.

हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. तिथे हृदय प्रत्यारोपण व्हावे, अशी आमची मागणी नाही. मागणी साधी आहे. अशा रुग्णांची नोंद ठेवणारा एक फिजिशियन नेमावा. प्रत्यारोपण केंद्राशी थेट फोनवर बोलता यावे. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्ताचा नमुना इथूनच पाठवला जावा. आणि आयुष्यभर घ्यायच्या या गोळ्या जिल्ह्यात मोफत मिळाव्यात, कारण पैशाअभावी चुकलेला डोस दात्याच्या कुटुंबाने दुःखात दिलेले दानच वाया घालवतो. शासनाने शस्त्रक्रियेला मदत करून थांबणे हे अर्धे काम आहे.

प्रत्यारोपण झालेल्या घरांना कळकळीची विनंती: ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, दम लागला किंवा पाय सुजले, तर त्याच दिवशी आपल्या प्रत्यारोपण केंद्राला फोन करा. त्यांना विचारल्याशिवाय नवी गोळी, काढा किंवा हळदीची कॅप्सूलसुद्धा घेऊ नका.