माऊस चालेना? मुलाला उठवू नका, शेजारी बसा



घरच्या कॉम्प्युटरचा वायरलेस माऊस चालेना किंवा हेडफोनमधून आवाज येईना, की आपण लगेच म्हणतो, "तूच काहीतरी केलं असशील, हो बाजूला!" मूल उठतं आणि विज्ञानाचा एक आयता पाठ हातचा जातो. माझं स्पष्ट मत आहे, दोष मुलालाच शोधू द्यावा.

काठीसारख्या सातपुड्यातल्या गावात तर हे जास्तच गरजेचं. दुरुस्तीसाठी घाट उतरून अक्कलकुव्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो. आणि दोष निघतो कधी कधी संपलेल्या सेलचा!

शोधायचं कसं? सोप्याकडून अवघडाकडे, आणि एका वेळी एकच बदल.

आधी वीज बघा. माऊस उलटा करून बटण चालू आहे का ते पाहा, मग सेल बदला. मूल म्हणेल, "हा सेल घड्याळात तर चालतो!" पण भिंतीवरच्या घड्याळाला फार थोडी वीज लागते, माऊसला जास्त. त्यामुळे घड्याळ चालवणारा सेल माऊसला पुरेलच असं नाही. पडताळणी नव्या सेलनेच करा.

मग जोडणीचा प्रकार ओळखा. फक्त यूएसबी रिसीव्हरवर चालणारा माऊस ब्लूटूथच्या यादीत शोधून सापडणार नाही. हेडफोन ब्लूटूथचा असेल, तर तो घरातल्या मोबाइललाच जोडला गेलेला नाही ना? मोबाइलचं ब्लूटूथ बंद करून बघा. तरी जमलं नाही तर कॉम्प्युटरच्या यादीतून हेडफोनचं नाव काढा आणि नव्याने जोडा.

शेवटी गर्दी तपासा. ब्लूटूथ, रिसीव्हरवाले माऊस आणि बरंचसं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतं. काठीच्या राजवाडी होळीत एवढे ढोल एकदम वाजत असताना लांबच्या माणसाची हाक ऐकू येते का? तसंच हे. जवळ गेलं की ऐकू येतं, म्हणून माऊस रिसीव्हरजवळ आणून बघा. शेजारच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये हार्ड डिस्क असेल तर तिचाही अडथळा होतो. रिसीव्हर दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. मध्ये लोखंडी कपाट असेल तर जागा बदला.

"एकच बदल" यावर माझा एवढा भर का? सेल, पोर्ट, सेटिंग सगळं एकदम बदललं आणि माऊस चालू झाला, तर काम झालं, पण दोष कशात होता ते कळलंच नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंदाजच. म्हणून वहीत दोन रकाने आखायला सांगा : काय बदललं आणि काय झालं. प्रयोगवहीत आपण याहून वेगळं काय लिहून घेतो?

काही पालक म्हणतील, मुलं आणखी बिघडवतील. भीती रास्त आहे. त्यासाठी मर्यादा आधीच ठरवून द्या. विजेचा प्लग आणि चार्जर उघडायचा नाही, कॉम्प्युटर रिसेट करायचा नाही, आणि अडलं तर विचारायचं. एवढ्या चौकटीत सेल आणि पोर्ट बदलून फार काही बिघडत नाही.

घाईच्या दिवशी तुम्हीच दुरुस्त करा, हरकत नाही. पण काय केलं ते मोठ्याने बोलत करा. ज्याला दोष शोधायची सवय लागते, ते मूल चुकलेल्या गणितातली पायरीही शोधतं, नुसतं उत्तर खोडत नाही.